उत्तर उमगताना येणारे हसू

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या विविध गुणदर्शनात मी पंधरा मिनिटांचा एक प्रयोग केला. पार्किंगमध्ये घातलेल्या मांडवात, लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि भावगीते यांच्या मध्ये मला वेळ मिळाला होता. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने 'गणितावरचे स्टँड-अप' अशी घोषणा केली, तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून एक 'अरे बाप रे' ऐकू आले. तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात गणित शिकवलेल्या माणसाला हा उद्गार नवा नसतो. मात्र निवृत्तीनंतरच्या काही वर्षांत विज्ञान आणि गणित यांतूनच विनोद काढणारे कलाकार मी इतक्या आवडीने पाहिले आहेत, की त्यांच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. गणितावरचे म्हणून जे विनोद आपल्याकडे चालतात, ते बहुतेक गणिताच्या माणसांवरचे असतात. विसरभोळा प्राध्यापक, छडी मारणारे सर, दहावीला गणितात मिळालेले पस्तीस गुण, हा सगळा ऐवज आपल्या परिचयाचा आहे. त्यात गणित कुठेच नसते. गणिताच्या जागी संस्कृत किंवा भूगोल घातला तरी विनोद तसाच राहतो. 'मला गणित कधी जमलेच नाही' हे वाक्य मंचावरून अभिमानाने म्हटले जाते आणि त्यावर टाळ्याही मिळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण समोर बसलेली आठ-नऊ वर्षांची मुले ते ऐकत असतात. दुसरा विनोद गणितातून निघतो. त्यात एखादी गोष्ट खरी असल्यामुळेच हसू येते, आणि ती खोटी ठरली तर विनोदही कोसळतो. मी इथे लिहिणार आहे ते या दुसऱ्या प्रकाराविषयी.

या दोहोंच्या मधोमध टी-शर्टवर छापले जाणारे विनोद येतात. 'जगात १० प्रकारची माणसे असतात, द्विमान पद्धती समजणारी आणि न समजणारी' हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे दोनच अंक वापरणाऱ्या पद्धतीत, १० म्हणजे दोन, हे ज्याला ठाऊक आहे तो हसतो आणि इतरांना ठाऊक नसल्याचे त्याला समाधान मिळते. मला तो फारसा रुचत नाही, आणि मंचावर तर तो उभाच राहू शकत नाही. कागदावरचे १० दोन्ही अर्थांनी वाचता येते. बोलताना मात्र 'दहा' तरी म्हणावे लागते किंवा 'एक शून्य' तरी, आणि यांपैकी काहीही उच्चारले की गंमत संपते. रंगमंचावरचा विनोद कानाने समजावा लागतो. शिवाय प्रेक्षकाला जे ठाऊक नाही ते त्याच्या नकळत, अर्ध्या मिनिटात शिकवावे लागते, आणि त्यानंतरच हसवता येते. विज्ञानावरच्या स्टँड-अपची खरी कसोटी ही आहे.

या कलेत आज माझ्या मते सर्वांत पुढे असलेला माणूस म्हणजे मॅट पार्कर. तो मूळचा ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराचा. आधी तिथे आणि मग लंडनला त्याने शाळेत गणित शिकवले, आणि पुढे स्टँड-अपकडे वळला. त्याच्या २०१७ सालच्या एका उद्योगाची हकिकत मी निरनिराळ्या लोकांना इतक्या वेळा सांगितली आहे, की ती आता मला माझीच वाटू लागली आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या मैदानाकडे जाणारा रस्ता दाखवणाऱ्या पाट्यांवर एक चेंडू काढलेला असतो. खऱ्या चेंडूवर, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येणाऱ्या जुन्या काळ्या-पांढऱ्या चेंडूवर, काळे पंचकोन आणि पांढरे षट्कोन असतात. पाटीवरच्या चित्रात काळे तुकडेही षट्कोनी आणि पांढरेही षट्कोनी आहेत. असा चेंडू जगात असूच शकत नाही. पार्करने ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावर रीतसर याचिका दाखल केली, की या पाट्यांची भूमिती सुधारावी. तिथे दहा हजार सह्या झाल्या की सरकारला उत्तर द्यावे लागते. या याचिकेवर वीस हजारांहून अधिक सह्या झाल्या. सरकारचे उत्तर आले ते नकाराचे. त्यात खर्चाचा मुद्दा होताच, शिवाय अशीही चिंता व्यक्त केली होती, की पाटीवरची भूमिती समजून घेण्यात चालकाचे लक्ष रस्त्यावरून अधिक वेळ हटले, तर अपघाताचा धोका वाढेल.

ही हकिकत ऐकून सगळे हसतात, पण तिचा गाभा सरकारी उत्तरात नाही. तो चेंडू अशक्य का आहे, यात आहे, आणि ते कारण इतके देखणे आहे की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोणत्याही बंद घनाकृतीचे शिरोबिंदू मोजावेत, त्यांतून कडा वजा कराव्यात आणि पृष्ठे मिळवावीत. मध्ये आरपार भोक नसेल तर उत्तर नेहमी २ येते. हे ऑयलरचे सूत्र शाळेच्या पुस्तकांतही असते. आता केवळ षट्कोनांचा चेंडू करायचा आहे आणि प्रत्येक शिरोबिंदूशी तीन षट्कोन भेटतात, असे समजू. षट्कोनांची संख्या शंभर धरली, तर प्रत्येकाच्या सहा कडा म्हणून सहाशे. पण प्रत्येक कड दोघांत सामाईक, म्हणून तीनशे. कोपरेही सहाशे, पण प्रत्येक बिंदू तिघांत सामाईक, म्हणून दोनशे. दोनशे वजा तीनशे अधिक शंभर म्हणजे शून्य. शंभराऐवजी लाख षट्कोन घेतले तरी शून्यच. हवे होते २, आले शून्य, आणि चेंडू कितीही मोठा केला, कितीही तुकडे जोडले, तरी त्या दोनाची भरपाई होत नाही. ती भरपाई पंचकोन करतात आणि त्यासाठी ते बरोबर बारा लागतात. खरा फुटबॉल मोजून पाहावा: ६० शिरोबिंदू, ९० कडा, ३२ पृष्ठे. साठातून नव्वद गेले, बत्तीस मिळवले, दोन.

सोसायटीच्या कार्यक्रमात मी हे सगळे सांगायला घेतले तेव्हा पहिली दोन मिनिटे मांडवात शांतता होती. सूत्र म्हटल्याबरोबर लोकांचे चेहरे परीक्षेतल्यासारखे झाले. सुदैवाने मुलांकडे तसलाच जुन्या नक्षीचा एक चेंडू होता. तो मागवून घेतला, पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या हातात दिला आणि काळे तुकडे मोजायला सांगितले. ती बोटाने एकेक तुकडा दाबत मोठ्याने मोजू लागली. पाच-सहाच्या पुढे कुठून सुरुवात केली होती तेच तिला आठवेना, तेव्हा दुसऱ्या मुलाने मोजलेल्या तुकड्यांवर खडूने खुणा करायला घेतल्या. दोघांनी मिळून बारा मोजले. मग मी पाटीवरचे ते चित्र पुठ्ठ्यावर काढून आणले होते ते वर धरले आणि यातले पंचकोन मोजायला सांगितले. मुलगी क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "काकू, हा तर फुगवताच येणार नाही!" अख्खा मांडव हसला. त्या वाक्यात माझा काहीही वाटा नव्हता. तिला जे दिसले ते तिने सांगितले होते. तिला जे दिसले ते खरे होते, आणि ते तिच्याबरोबर सगळ्यांना एकाच क्षणी दिसले.

या परंपरेची मुळे जुनी आहेत. हार्वर्डमध्ये गणित शिकलेला आणि पुढे गणित शिकवणारा टॉम लेहरर पियानोवर बसून विनोदी गाणी म्हणत असे. २०२५ साली तो ९७ वर्षांचा होऊन गेला. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका नाइटक्लबमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या कार्यक्रमात त्याने श्रोत्यांसमोर एक साधी वजाबाकी गाऊन दाखवली: ३४२ वजा १७३. सोव्हिएत रशियाच्या स्पुटनिक या उपग्रहाने दिलेल्या धक्क्यानंतर अमेरिकी शाळांत गणित शिकवण्याची रीत बदलली होती आणि पालकांना आपल्याच मुलांचा गृहपाठ समजेनासा झाला होता, ही त्यामागची पार्श्वभूमी. दोनातून तीन जात नाहीत, म्हणून चाराकडून एक उसना घ्यायचा, हे आपल्यालाही पाठ आहे. बारातून तीन गेले नऊ, तेरातून सात गेले सहा, दोनातून एक गेला एक, उत्तर १६९. लेहरर इथे थांबत नाही. तीच वजाबाकी तो दहाऐवजी आठांच्या गटांत मोजणाऱ्या अष्टमान पद्धतीत पुन्हा करतो. शब्द जवळपास तेच, चालही तीच, पण उसना घेतलेला एक आता दहाचा नसून आठाचा असतो, म्हणून दहातून तीन गेले सात, अकरातून सात गेले चार, आणि उत्तर येते १४७. हे उत्तर बरोबर आहे. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा ध्वनिमुद्रण थांबवून कागदावर पडताळून पाहिले होते. घाई वाढवत नेऊन श्रोत्याला धापा टाकायला लावायचे, पण एकही पायरी चुकवायची नाही, ही शिस्त मला त्याच्या यमकांहूनही मोठी वाटते.

लेहररची वजाबाकी ऐकताना मला आपल्याकडचा २०१९ सालचा गदारोळ आठवतो. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीने 'वीस एक' असे संख्यावाचन आले, आणि महिनाभर घराघरांत, वर्तमानपत्रांत आणि विधानसभेतही त्यावर विनोदांचा पाऊस पडला. लेहररचा विनोद आणि ते विनोद यांची तुलना केली की माझा मघाचा भेद लख्ख दिसतो. लेहरर नव्या पद्धतीची थट्टा करतो, पण आधी ती पद्धत नीट वापरून दाखवतो. आपल्याकडच्या विनोदांत आडनावांची मोडतोड होती. मूळ प्रश्नाला हात लावलेला विनोद निदान माझ्या तरी ऐकण्यात आला नाही. तो प्रश्न गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे समजावला होता: आपण लिहितो आधी दशक आणि मग एकक, पण बोलतो उलट, आणि त्यात जोडाक्षरांची भर पडली की लहान मुले अडखळतात.

खरे तर आपल्या संख्यानामांत विनोदाची खाणच आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक कमी, असे करत आपण एकोणनव्वदपर्यंत येतो, आणि शंभराच्या दारात आल्यावर मात्र एकोणशंभर न म्हणता एकाएकी 'नव्याण्णव' म्हणतो. जी भाषा इतका वेळ पुढच्या दशकाकडे पाहत मोजत आली, तिने शंभराच्या तोंडावर मान का फिरवावी? त्यात सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच आणि आजीच्या तोंडची औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, हे घातले की मराठीतल्या कलाकाराला तासभर पुरेल इतका ऐवज होतो. हे कोणी तरी करावे अशी माझी फार इच्छा आहे.

ब्रिटनमध्ये हे काम गंभीरपणे घेतले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २००९ साली सुरू झालेल्या 'ब्राइट क्लब'मध्ये संशोधक स्वतःच्या संशोधनावर स्टँड-अप करू लागले. पार्करने स्टीव्ह मोल्ड आणि हेलन आर्नी यांच्याबरोबर 'फेस्टिव्हल ऑफ द स्पोकन नर्ड' नावाची त्रयी काढली. यांतल्या मोल्डच्या मण्यांच्या साखळीविषयी सांगायलाच हवे. धातूच्या बारीक मण्यांची लांबलचक साखळी एका भांड्यात भरायची, भांडे उंच धरायचे आणि साखळीचे एक टोक बाहेर ओढून सोडून द्यायचे. साखळी भांड्याच्या काठावरून घरंगळत जाईल अशी आपली अपेक्षा असते, पण ती काठावरून हवेत उसळते, कमान करते आणि मग खाली येते. प्रेक्षक हसतात, कारण डोळ्यांना ते अयोग्य वाटते. मोल्डने हे दाखवल्यावर केंब्रिजच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आणि २०१४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. मण्यांना जोडणारे दुवे एका मर्यादेपलीकडे वाकत नाहीत. त्यामुळे एक टोक वर उचलले गेले की दुसरे टोक खालच्या ढिगाला रेटते आणि ढीग साखळीला उलट वर ढकलतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. लोकांना चकित करण्यासाठी दाखवलेल्या गमतीतून भौतिकशास्त्राचा खराखुरा प्रश्न निघाला, हे मला विलक्षण वाटते.

पार्करचा एक जाहीर अपुरा प्रयत्नही असाच प्रसिद्ध आहे. जादूच्या चौरसात प्रत्येक आडव्या ओळीची, उभ्या ओळीची आणि कर्णाची बेरीज सारखीच येते; तीन बाय तीनचा असा जादूचा चौरस करायचा, की नऊही संख्या वेगवेगळ्या पूर्ण वर्ग असाव्यात. असा चौरस आजवर कोणाला सापडलेला नाही, आणि तो अशक्य असल्याचेही कोणी सिद्ध केलेले नाही. पार्करने २०१६ मध्ये कॅमेऱ्यासमोर स्वतःचा चौरस मांडला: पहिल्या ओळीत २९, १ आणि ४७ यांचे वर्ग, दुसरीत ४१, ३७, १ यांचे, तिसरीत २३, ४१, २९ यांचे. तिन्ही आडव्या ओळी, तिन्ही उभ्या ओळी आणि एक कर्ण यांची बेरीज ३०५१ येते. दुसऱ्या कर्णाची ४१०७ येते, आणि तीन संख्या तर दोनदा आल्या आहेत. 'पार्कर स्क्वेअर' हे नाव तेव्हापासून धडाडीने केलेल्या पण अपुऱ्या राहिलेल्या प्रयत्नासाठी वापरले जाते, आणि पार्करने ते मोकळ्या मनाने स्वीकारले आहे. माझ्या वर्गात फळ्यावर येऊन चुकणाऱ्या मुलांना हे उदाहरण सांगता आले असते तर किती बरे झाले असते, असे मला नेहमी वाटते.

माझ्या पंधरा मिनिटांतला शेवटचा भाग पूर्णपणे आपल्या मातीतला होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेतले शिक्षक. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले. त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. आपल्याकडच्या काही गणितज्ञांनी त्यांचे काम किरकोळ मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात लिहिल्यावर जगभर त्यांचे नाव झाले. कृती सोपी आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर (ते तीन अंकी आले तर आधी शून्य धरून) तेच पुन्हा करा. २०२५ घेतले तर ५२२० वजा ०२२५ म्हणजे ४९९५, मग ५३५५, मग १९९८, ८०८२, ८५३२ आणि अखेर ६१७४. तिथून पुढे गेलात तरी पुन्हा ६१७४. कोणत्याही संख्येला सातहून अधिक पायऱ्या लागत नाहीत.

मांडवात मी कोऱ्या कागदाचे तुकडे आणि पेन्सिली वाटल्या. आपला जन्मसाल, गाडीचा क्रमांक, काहीही घ्या म्हटले आणि वाट पाहिली. हा थांबण्याचा काळ मला सर्वांत आवडतो, कारण इतकी माणसे एका वेळी खाली मान घालून वजाबाकी करताना एरवी दिसत नाहीत. माझे उत्तर एका पाकिटात बंद करून मी गणपतीपुढे ठेवले होते. एका मुलाने अपेक्षेप्रमाणे ७७७७ घेतले आणि "काकू, माझं शून्य आलं," असे ओरडून सांगितले. अट सांगूनही ती मोडून पाहणारे एक मूल प्रत्येक वर्गात असतेच आणि ते असावेच. मग हळूहळू इकडून तिकडून 'एकसष्ट चौऱ्याहत्तर' ऐकू येऊ लागले. मागच्या रांगेतले एक आजोबा मात्र उठून उभे राहिले आणि म्हणाले, की त्यांचा मघाशी एक हातचा चुकला होता, ते आत्ता लक्षात आले, तर पुन्हा पहिल्यापासून करायचे का? मी त्यांना तसेच पुढे करायला सांगितले. चुकून आलेली संख्याही चार अंकीच होती, आणि तिलाही नियम तोच लागू होता. दोन मिनिटांनी त्यांनी कागद उंच धरला. त्यावर ६१७४ होते. चुकलो तरी तिथेच पोचलो, हे त्यांनी शेजारच्या आजींना सांगितले, आजींनी पुढच्या रांगेला सांगितले, आणि हसण्याची ती लाट मागून पुढे माझ्यापर्यंत आली. पाकीट उघडायचे तर मी विसरूनच गेले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ७७७७ वाला मुलगा वही घेऊन दारात उभा होता. त्याने पाच अंकी संख्या घेऊन पाहिल्या होत्या. ५३९५५ पासून निघाले की ९५५५३ वजा ३५५५९ म्हणजे ५९९९४ येते, आणि त्यापासून निघाले की ९९९५४ वजा ४५९९९ म्हणजे परत ५३९५५. "काकू, हे थांबतच नाही," तो म्हणाला. आम्ही दोघे जिन्यात बसून दुसऱ्या संख्या घेऊन पाहू लागलो. ६१९७४ पासून निघालो तर ८२९६२, ७५९३३, ६३९५४ असे फिरून पुन्हा ६१९७४. त्याच्या वहीची पाने भरत गेली, आणि सुरुवातीची संख्या पुन्हा समोर आली की प्रत्येक वेळी तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा हसत होता.